पेरणीच्या घाईत शाळेचे दप्तर



नवतपा लागला की आपल्या वऱ्हाडात दोनच गोष्टींची चर्चा असते. यंदा पाऊस कधी आणि बियाणे कोणते. पारावर बसा, कृषी केंद्रासमोर उभे राहा, नाहीतर लग्नाच्या पंगतीत बसा, बोलणे फिरून फिरून तिथेच येते. याच दिवसांत आणखी एका गोष्टीची तयारी घरात व्हायला पाहिजे, पण तिचे नाव सहसा कोणी काढत नाही. ती गोष्ट म्हणजे पोरांची शाळा.

राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला उघडतात. आपल्याकडचे ऊन पाहून विदर्भातील शाळा त्यानंतर उघडल्या जातात. २०२५ साली इतरत्र १६ जूनला आणि विदर्भात २३ जूनला शाळा उघडली. पहिला आठवडा सकाळची शाळा, नंतर नेहमीची वेळ. आता कॅलेंडरचे पान उलटून पाहा. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते, आर्द्रा २१-२२ जूनला. मृगाचा पाऊस बहुतेक वेळा हुलकावणी देतो आणि खरी पेरणी आर्द्रातच साधते. म्हणजे ज्या आठवड्यात पेरणी वावरात, त्याच आठवड्यात शाळेची घंटा. हा मेळ दरवर्षीचा आहे, तरी दरवर्षी तो आपल्याला अचानक आल्यासारखा वाटतो.

तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड हे सातपुड्याच्या पायथ्याचे मोठे गाव. त्या भागात एका सपरीत बसून सोयाबीनच्या बियाण्याबद्दल बोलणे चालले होते. शाळेचा विषय निघाला तेव्हा घरधनी सरळ बोलले, "सायेब, शाळा त वर्षभर राह्यते. पेरनीचा वाफसा दोन दिस राह्यते. चार दिस पोट्टं नाई गेलं त काय बिघडते?"

त्यांच्या बोलण्यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. वाफसा कोणासाठी थांबत नाही. प्रश्न "चार दिस" या शब्दांचा आहे. आपण जरा हिशोब मांडू. पेरणीचे चार दिवस. जुलैमध्ये निंदण, त्याचे सहा. पोळ्याच्या आगेमागे मूग-उडीद तोडणीला येतो, त्याचे तीन. सोयाबीनच्या सोंगणीचे पाच. पुढे कपाशीच्या पहिल्या वेच्याचे चार. दिवाळी आली की बावीस दिवस गेले, आणि त्यात आजारपण, लग्नकार्य, आठवडी बाजार धरलेला नाही. एखाद्या गावच्या शाळेचा हजेरीपट हातात घ्या. कोणत्या आठवड्यात कोणते पीक कोणत्या अवस्थेत होते हे तो पट पाहूनच सांगता येते. मोर्शीकडच्या हिवरखेडला संत्र्याच्या बागा आहेत, तिथे कामाचे महिने थोडे वेगळे. पट मात्र असाच बोलतो.

त्यातही पहिल्या पंधरवड्याच्या खाड्यांचे नुकसान जास्त. पुस्तके याच दिवसांत वाटली जातात, गुरुजी मागच्या वर्षाची उजळणी याच दिवसांत घेतात. जे पोर जुलैच्या मध्यावर वर्गात येऊन बसते त्याला फळ्यावरचे अर्धे कळत नाही. नाही कळले की विचारायची लाज वाटते. मग ते स्वतःच म्हणते, "मी वावरात येतो." आपल्याला वाटते पोरगा कामाचा निघाला.

गावच्या पदाधिकाऱ्यांना कायदा माहीत असतो, तरी एकदा उजळणी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी, फक्त घरच्या कामात शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत मदत करता येते. म्हणजे संध्याकाळी ढोराला पाणी दाखवणे चालते. शाळा बुडवून निंदणाला नेणे चालत नाही, वावर घरचे असले तरी.

पण नुसता कायदा सांगून निंदण होत नाही. म्हणून आधी कामाचे बोलू.

पोराशिवाय निंदण कसे होईल

पोराची गरज पडते ती बहुधा नियोजन चुकल्यामुळे. सोयाबीनमध्ये पहिली डवरणी पेरणीनंतर पंधरा ते वीस दिवसांत झाली तर ओळीमधले तण कोवळे असतानाच मरते आणि हाताने निंदायला फक्त ओळीतले उरते. तीच डवरणी पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी केली तर तण डवऱ्याला दाद देत नाही. मग दहा बायांच्या जागी पंधरा लागतात. त्या आठवड्यात गावातल्या साऱ्यांनाच बाया लागतात, मजुरी वाढते, आणि घरची पोरगी वावरात जाते. ज्याच्याकडे स्वतःची बैलजोडी नाही त्याने डवऱ्यासाठी जोडी किंवा यंत्र कोणाचे घ्यायचे हे पेरणीच्या दिवशीच बोलून ठेवावे. दोन-तीन शेजाऱ्यांनी पाळीपाळीने एकमेकांच्या वावरात जायचे ठरवले तर रोख मजुरीही कमी लागते.

दुसरी अडचण लहान लेकरांची. आई निंदायला गेली की घरचे दीड-दोन वर्षांचे लेकरू सांभाळायला कोण? नऊ-दहा वर्षांची मोठी बहीण. अंगणवाडीची शाळा तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, त्याहून लहान लेकरू तिथे दिवसभर ठेवता येत नाही. त्यामुळे पाचवीतली पोरगी घरी बसते आणि पटावर तिच्या नावापुढे "गैरहजर" लागते. त्याचे कारण कुठेच लिहिले जात नाही.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात यावर एक चांगली तोड होती. कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असली, तर त्यांतल्या एका बाईला फक्त मुले सांभाळायला ठेवायचे आणि तिला मजुरी द्यायची. हीच गोष्ट निंदणाच्या टोळीला का करता येऊ नये? बारा बायांची टोळी असेल तर अकराजणी निंदतील, एकजण झाडाखाली किंवा एखाद्याच्या सपरीत लेकरे पाहील आणि तिचा रोज सगळे वावरवाले मिळून देतील. एका वावराच्या हिशोबाने पैसे फार पडत नाहीत. बचत गटाच्या बायांनी मनावर घेतले तर पहिल्याच निंदणाला हे जमते. पुरुषांच्या बैठकीत हा विषय निघेल याची वाट पाहू नये.

सातपुड्यावरून कामासाठी खाली येणाऱ्या कोरकू कुटुंबांची मुले याच दिवसांत आपल्या धुऱ्यावर दिसतात. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, एवढ्यावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. त्यांना वयाप्रमाणे वर्गात बसवायचे असते. ज्याच्या वावरात ती कुटुंबे कामाला आहेत त्याने मुख्याध्यापकांच्या कानावर घातले तरी बरेच होईल.

एकाच खोलीत खत, औषध आणि पुस्तके

आता घराकडे वळू. जूनमध्ये आपल्या घराचे काय होते ते पाहा. दोन-तीन खोल्यांचे घर. पहिल्या पावसाआधी खत घेऊन ठेवलेले असते, त्यामुळे मधल्या खोलीत डीएपीची थप्पी. तिच्यावर बियाण्याच्या बॅगा. कोनाड्यात बीजप्रक्रियेची पुडी, खुंटीला फवारणीचा पंप, आणि मागच्या वर्षीची अर्धी उरलेली औषधाची बाटली फडताळात, देवाच्या तेलाच्या बाटलीशेजारी. पोर ज्या कोपऱ्यात बसून अभ्यास करत होते तो कोपरा गेला. पण जागा जाण्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्याचे दप्तर आता विषाच्या शेजारी ठेवलेले असते.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. तपासणीत अन्नात मोनोक्रोटोफॉस सापडले. हे कपाशीवरचे कीटकनाशक आपल्याला नावानिशी माहीत आहे. स्वयंपाकाच्या तेलाला त्याचा संसर्ग झाला होता. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती मोठी माणसे होती. औषधाची तीच मात्रा लहान लेकराच्या अंगात गेली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

म्हणून शाळा उघडण्याआधीचे पहिले काम हेच धरा. औषधे, बीजप्रक्रियेच्या पुड्या आणि प्रक्रिया केलेले बियाणे राहत्या घरातून बाहेर काढा. जुनी लोखंडी पेटी असेल तर तिला कुलूप लावून ती गोठ्याच्या वेगळ्या कोपऱ्यात, कुटारापासून आणि ढोराच्या गव्हाणीपासून दूर ठेवा. किल्ली घरातल्या एकाच माणसाकडे राहावी. खताच्या पोत्यांना गोठा दमट पडत असेल तर ती घरात ठेवावी लागतात, हे मान्य. मग ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी लावा आणि फोडलेले पोते तोंड बांधल्याशिवाय ठेवू नका. युरिया मिठासारखा दिसतो. तो मिठाच्या जुन्या बरणीत काढून ठेवलेला काही घरांत पाहायला मिळतो. हे काम आजच बंद करा.

औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण पोरांना दाखवून ठेवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. ज्या पोराला सिग्नल माहीत आहे त्याला हे पाच मिनिटांत पाठ होते, आणि मग ते आपल्यालाच हटकते. पण एक सांगतो, हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे, फक्त विषारीपणा कमी.

रिकाम्या बाटल्या आणि डबे धुऊन पाण्याला वापरायची सवय अजून पुरती गेलेली नाही. प्लास्टिकचा चांगला जाड कॅन टाकवत नाही, हे समजते. पण त्या प्लास्टिकमध्ये औषध मुरलेले असते, धुऊन जात नाही. शाळेत पाणी न्यायची बाटली बाजारातून वेगळी घ्या. बियाण्याची चकचकीत पिशवी दप्तर म्हणून किंवा पाकिटाचा कागद वहीचे कव्हर म्हणून देऊ नका. रंग लावलेले लाल-गुलाबी बियाणे लहान लेकराला गोळीसारखे दिसते, पेरणीच्या दिवशी सांडलेले दाणे अंगणातून झाडून मातीत पुरा.

फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय लेकराला उचलू नये. त्याचे कपडे शाळेच्या गणवेशासोबत एका बादलीत भिजवू नयेत. घरोघरी बाईमाणूस कपडे एकत्रच भिजवते, कारण पाणी कमी. तेव्हा फवारणीचे कपडे दुसऱ्या पाण्यात, तेही शेवटी. आणि चुकून कोणाच्या पोटात किंवा डोळ्यात औषध गेलेच, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली सोबत न्या. तिच्या लेबलवर उतारा लिहिलेला असतो, डॉक्टरांना तोच लागतो.

एवढे झाले की अभ्यासाचा कोपरा आपोआप मोकळा होतो. त्यासाठी टेबल-खुर्ची लागत नाही. एक फळी, दप्तराला एक खुंटी, डोक्यावर एक बल्ब आणि वीज गेली तर चार्जिंगचा दिवा. रात्री जेवणाआधी एक तास घरातला टीव्ही आणि मोबाईल बंद. हा नियम मोठ्यांनीही पाळायचा, नाहीतर पोर अभ्यासाला बसते आणि कान बातम्यांकडे.

सकाळची वेळ आणि दुपारची भाकर

पेरणीच्या दिवसांत घर पहाटे उठते. बाई एकदाच चूल पेटवते, वावरातली शिदोरी बांधते आणि निघते. पोराला उठवायला मागे कोणी नसते. सकाळची शाळा असते त्या आठवड्यात तर ते उपाशीच पळते. यावर उपाय साधा आहे. दप्तर आणि गणवेश रात्रीच काढून ठेवणे, आणि शिदोरी बांधताना पोराची भाकर व वरण किंवा बेसन वेगळे झाकून ठेवणे. घरात आजी-आजोबा असतील तर पोराला खाऊ घालून शाळेत धाडण्याचे काम स्पष्ट शब्दांत त्यांच्याकडे सोपवावे. "लक्ष ठेवा" एवढे सांगून भागत नाही.

शाळेत दुपारी जेवण मिळते. १९९५ साली ही योजना आली तेव्हा ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत असे. पुढे शिजवलेले अन्न सुरू झाले. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्याचे, ४५० कॅलरीचे आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्याचे, ७०० कॅलरीचे जेवण द्यायचे असते. पण ही सोय आठवीपर्यंतच. नववीत गेलेली पोरगी घरून डबा नेत नसेल तर सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत उपाशी राहते. वाढीचे वय तेच. मागच्या वर्षीपर्यंत शाळेत जेवत होती म्हणून घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. यंदा कोणाची पोरगी नववीत जाणार असेल तर डबा आधी घ्या, पुस्तके नंतर.

पैसा आणि कागदपत्रे

बियाण्याला उधारी मिळते. वही-दप्तराला रोख लागते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तर घरात रोख नसतेच, सगळी वावरात गेलेली असते. ज्यांच्या घरी तूर राखून ठेवली आहे त्यांनी त्यातला एक कट्टा शाळेच्या नावाने बाजूला ठेवावा आणि तो पैसा बियाण्यात मिसळू देऊ नये. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके सरकारी आणि अनुदानित शाळेत मोफत मिळतात, ती विकत घेण्यात पैसे घालू नका. मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पाने फाडून शिवली तर दोन कच्च्या वह्या निघतात.

बाहेरगावी शाळेत जाणाऱ्या खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात मिळतो. २०२५ पासून महामंडळाने पास शाळेतच द्यायला सुरुवात केली, तेव्हा मुख्याध्यापकांकडे पहिल्याच दिवशी नाव द्या.

दाखल्यांसाठी सेतू केंद्रावर जूनमध्ये जी गर्दी होते ती आपण पाहतोच. एकीकडे पीककर्जाचे कागद, एकीकडे जात, उत्पन्न आणि रहिवासी दाखले. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे दहावीच्या पोराचे कागद आधीच तयार पाहिजेत. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. पाचशेचा स्टॅम्प कोणी मागितला तर देऊ नका. वय पाच आणि पंधरा झाले की आधारवर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते राहिले की शिष्यवृत्ती अडकते. ही सगळी कामे मे महिन्यातली आहेत. तलाठी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पेरणीआधी एक दिवस शाळेत बसायचे ठरवले तर गावाचे पन्नास हेलपाटे वाचतील.

राहिले पोरांना सुटीत कामाला लावायचे. लावा, पण असे. पेरणीसाठी राखलेल्या घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे पोराला मोजायला सांगा. औषध न लावलेले आणि न निवडता घेतलेले. गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज थोडे पाणी शिंपडायचे. सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. दुसरे काम पावसाचे. अंगणात सरळ भिंतीचा, तोंड आणि बूड सारखे असलेला डबा झाडापासून दूर ठेवायचा, सकाळी त्यात फूटपट्टी घालून मिलिमीटर वहीत लिहायचे. बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय तिफण जुंपू नका, हे आम्ही दरवर्षी सांगतो. यंदा ते वहीवाल्या पोराला सांगू द्या. त्याचे तुम्ही ऐकाल.

शंभरात सत्तर दाणे उगवले तर हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरते. साठच उगवले तर किती लागेल, हे गणित पोराकडून करून घ्या. उत्तर साडेसत्याऐंशी किलो यायला पाहिजे.